आईचं दूध आणि डब्याचं दूध: फॅटबद्दल खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून बाळंतिणी, त्यांच्या आया-सासवा आणि आशाताई जे प्रश्न पाठवतात, त्यांत फॅटचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. आपल्याकडे घरोघरी दूध डेअरीला जातं, फॅटवर भाव ठरतो, आणि तोच हिशोब नकळत आईच्या दुधालाही लावला जातो. त्या हिशोबात आईचं दूध हरतं, घरात डबा येतो, बाळ अंगावर कमी ओढतं आणि मग दूध खरंच कमी होतं. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून ही उत्तरं सविस्तर लिहिली आहेत.

खाली 'डब्याचं दूध' म्हणजे पहिल्या सहा महिन्यांसाठी मिळणारी फॉर्म्युला पावडर. गाई-म्हशीच्या दुधाबद्दल प्रश्न ३ मध्ये वेगळं लिहिलं आहे.

१. आईच्या दुधात फॅट किती असते आणि डब्याच्या दुधात किती?

जवळजवळ सारखीच. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांनी आईचं दूध स्थिरावतं, तेव्हा त्यात दर १०० मिलीला साधारण ३.५ ते ४.५ ग्रॅम फॅट असते. डब्यावर लिहिल्याप्रमाणे नीट कालवलेल्या दुधात ती साडेतीन ग्रॅमच्या आसपास असते. दोन्ही दुधांतून १०० मिलीमागे ६५ ते ७० किलोकॅलरी मिळतात आणि त्यातल्या साधारण निम्म्या एकट्या फॅटमधून येतात.

तीन महिन्यांचं बाळ दिवसाला ७५० मिलीच्या आसपास दूध पितं असं धरलं, तर त्याच्या पोटात रोज तीसेक ग्रॅम फॅट जाते. पाच-सहा किलोच्या जिवासाठी हे प्रमाण फार मोठं आहे, पण त्याला लागतंही तेवढंच. पहिल्या वर्षात मेंदू झपाट्याने वाढतो, मज्जातंतूंवर आवरण चढतं, कातडीखाली चरबी साठते. नुसता आकडा पाहिला तर दोन्ही दुधं बरोबरीची वाटतात. खरा फरक फॅटच्या प्रकारात आणि बांधणीत आहे, तो प्रश्न ५ मध्ये पाहा.

२. 'मन्हं दूध पातळ शे, निळसर दिसस. पोऱ्यानं पोट भरत नही. डबा सुरू करू का?'

दूध पातळ दिसतं एवढ्याच कारणासाठी डबा सुरू करू नका. हा प्रश्न इतक्या जणी विचारतात, की उत्तर जरा लांबवते.

स्तन भरलेला असताना जे दूध आधी येतं ते पातळ आणि निळसर असतं. फॅटचे बारीक थेंब आतल्या नळ्यांना आणि पेशींना चिकटून मागे राहतात. बाळ ओढत जातं, स्तन रिकामा होत जातो, तसतसे ते थेंब सुटून दुधात येतात. शेवटच्या दुधातली फॅट सुरुवातीच्या दुधाच्या दुपटी-तिपटीने असू शकते. गोठ्यात राबणाऱ्या बायांना हे नवीन नाही. गाय दोहताना पहिल्या धारेची आणि शेवटच्या धारेची फॅट सारखी लागत नाही, हे त्यांनी डेअरीवर पाहिलेलं असतं. पाजायच्या आधी चार थेंब पिळून कुणी 'बघ, पाणीच आहे' म्हणालं, तर त्यांनी पाहिलं ते फक्त पहिल्या धारेचं दूध.

पातळ दूध संपून घट्ट दूध सुरू झालं अशी ठराविक वेळ नसते, बदल हळूहळू होतो. म्हणून घड्याळ लावून दहा मिनिटांत बाजू बदलू नका. बाळाला एक बाजू पुरती पिऊ द्या, ते आपणहून सोडेल, मग दुसरी द्या. एखादं बाळ थोडं थोडं पण सारखं पितं, एखादं भरपूर पिऊन तीन तास झोपतं, तरी दिवसभराचा हिशोब केला की दोघांना मिळणारी फॅट फारशी वेगळी निघत नाही.

पोट भरतंय की नाही, हे दुधाच्या रंगावरून कळत नाही. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी करतं का आणि वजन वाढतं का, हे पाहा. जन्मानंतर वजन थोडं उतरतं, पण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. आलं नाही तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा बाळ नीट धरत नसतं, आणि ते धरणं दुरुस्त करता येतं.

३. म्हशीच्या दुधाला सात फॅट लागते. मग तेच पाणी घालून का देऊ नये?

एक वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून गाईचं, म्हशीचं किंवा शेळीचं दूध देऊ नये. सात फॅट ही रेडकाची गरज आहे. रेडकू काही महिन्यांत शंभर किलोच्या पुढे जातं. आपलं बाळ त्या गतीने वाढत नाही, त्याला अंग भरण्याआधी मेंदू घडवायचा असतो.

म्हशीच्या दुधात प्रथिनं चारेक टक्के, आईच्या दुधात एक टक्क्याच्या आसपास. ही जादा प्रथिनं आणि क्षार बाहेर टाकताना बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण येतो. लोह कमी मिळतं, म्हणून रक्त कमी होतं. शेळीच्या दुधात तर फोलेट हे जीवनसत्त्वही फार कमी असतं.

फॅटपुरतं बोलायचं तर तिची जातच वेगळी. फॅट ज्या घटकांची बनते त्यांना स्निग्धाम्लं म्हणतात. लिनोलेइक आम्ल हे शरीराला स्वतः बनवता न येणारं स्निग्धाम्ल आहे. आईच्या दुधातल्या फॅटमध्ये ते साधारण १० ते २० टक्के असतं, गाई-म्हशीच्या फॅटमध्ये जेमतेम दोन-तीन टक्के. पाणी घातल्याने हे प्रमाण सुधारत नाही. प्रथिनं थोडी उतरतात, पण त्यासोबत ऊर्जाही उतरते, आणि पाणी अस्वच्छ असेल तर जुलाब होतात ते वेगळेच.

४. डब्याच्या दुधातली फॅट येते कुठून? ती गाईच्या दुधाचीच असते ना?

बहुतेक डब्यांत नसते. कारखान्यात गाईच्या दुधातून साय काढून घेतात आणि त्या जागी वनस्पती तेलांचं मिश्रण घालतात. पाम ओलीन (पाम तेलाचा पातळ भाग), खोबरेल, सोयाबीन, सूर्यफूल, मका, कॅनोला यांतली दोन-चार तेलं मिसळून आईच्या दुधातल्या स्निग्धाम्लांच्या जवळ जाईल असं प्रमाण जुळवतात. खोबरेल लॉरिक आम्लासाठी, सोयाबीन किंवा कॅनोला ओमेगा-३ साठी, पाम तेल पामिटिक आम्लासाठी. काही डब्यांत थोडी दुधाची फॅटही ठेवलेली असते. डीएचए (मेंदू आणि डोळ्यांना लागणारं एक ओमेगा-३ स्निग्धाम्ल) असेल तर तो सूक्ष्म शैवालाच्या किंवा माशाच्या तेलातून येतो आणि एआरए (त्याच्या जोडीचं ओमेगा-६ स्निग्धाम्ल) एका बुरशीच्या तेलातून. डब्याच्या मागे घटकांच्या यादीत हे सगळं छापलेलं असतं.

५. तेलं मिसळून प्रमाण जुळवलं, मग आता फरक तो काय राहिला?

बराच. सगळ्यात मोठं उत्तर याच प्रश्नाचं आहे.

पहिला फरक रेणूच्या बांधणीतला. फॅटच्या प्रत्येक रेणूत तीन जागा असतात आणि प्रत्येक जागेवर एक स्निग्धाम्ल बसतं. आईच्या दुधात पामिटिक आम्ल एकूण स्निग्धाम्लांच्या २० ते २५ टक्के असतं आणि त्यातलं ६० ते ७० टक्के मधल्या जागेवर बसलेलं असतं. पाम तेलात तेच आम्ल मुख्यतः कडेच्या दोन जागांवर असतं. पोटातले पाचक रस आधी कडेची स्निग्धाम्लं तोडतात. मधलं तसंच जोडलेलं राहतं आणि त्या रूपात आतड्यातून सहज शोषलं जातं. कडेचं पामिटिक आम्ल मात्र सुटं होतं, आतड्यातल्या कॅल्शियमला चिकटतं, त्याचा न विरघळणारा साबण बनतो आणि तो शीतून बाहेर पडतो. म्हणजे थोडी फॅटही गेली आणि थोडं कॅल्शियमही. दोन्ही दुधांत पामिटिक आम्ल २२ टक्के असं लेबलवर छापलं, तरी बाळाच्या अंगी लागणारा भाग वेगळा असतो तो यामुळे. हा फरक कमी करायला काही उत्पादक मधल्या जागेवर पामिटिक बसवलेली खास फॅट वापरतात. घटकांत 'ओपीओ' किंवा 'बीटा पामिटेट' लिहिलेलं दिसलं तर ती हीच.

दुसरा फरक थेंबांचा. आईच्या दुधातला फॅटचा थेंब सरासरी चार मायक्रोमीटरचा असतो आणि त्याच्याभोवती तीन पदरी आवरण असतं. स्तनातल्या पेशीतून थेंब बाहेर पडताना पेशी आपलं आवरण त्याच्यावर चढवूनच त्याला सोडते. त्या आवरणात फॉस्फोलिपिड, स्फिंगोमायलिन, गँग्लिओसाइड, कोलेस्टेरॉल आणि कितीतरी प्रथिनं असतात. मेंदूच्या घडणीत आणि आतड्याच्या संरक्षणात त्यांचा वाटा असल्याचं अभ्यासांत दिसतं. डब्याच्या दुधात तेल यंत्राने फोडलेलं असतं, थेंब एका मायक्रोमीटरपेक्षाही लहान, आणि त्यांच्यावर गाईच्या दुधातल्या प्रथिनांचा थर. अलीकडे काही पावडरींत गाईच्या दुधातून काढलेलं हे आवरण मिसळतात.

तिसरा फरक मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आईच्या दुधात फॅट पचवणारं लायपेज दुधासोबतच येतं. बाळाच्या आतड्यात पित्ताचे क्षार मिळाले की ते कामाला लागतं. नवजात बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड अजून पुरेसं लायपेज बनवत नसतं, ती कसर हे दूध स्वतःच भरून काढतं. पावडरीत असं जिवंत लायपेज नसतं.

आणि चौथा, बदलण्याचा. आईचं दूध एकाच पाजण्यात बदलतं, सकाळी-संध्याकाळी बदलतं, महिन्यागणिक बदलतं आणि आई काय खाते त्याने बदलतं. डब्यातली प्रत्येक मापाची पावडर सारखीच. ज्या बाळाला काही कारणाने डबाच द्यावा लागतो त्याच्यासाठी हे सारखेपण सोयीचंही आहे. त्या बाळाची वाढ डब्यावर नीट होते, आणि त्या आईने मनाला लावून घेण्याचं काहीच कारण नाही.

६. डबा सुरू केल्यापासून शी घट्ट आणि हिरवट-तपकिरी होते. पाम तेलामुळे का?

काही अंशी, हो. प्रश्न ५ मध्ये सांगितलेला कॅल्शियमचा साबण शी घट्ट करतो. पाम ओलीन असलेल्या पावडरीवरच्या बाळांत कॅल्शियम जरा कमी शोषलं जातं, हे अभ्यासांत दिसलं आहे. रंग बदलतो तो बहुधा लोहामुळे, त्याची काळजी नको. अंगावरच्या बाळाची शी पिवळी, सैल, दाणेदार असते, तिच्याशी तुलना करू नका.

आधी पावडर जास्त घट्ट कालवली जात नाही ना, ते तपासा (प्रश्न १४). शी खड्यासारखी होत असेल, बाळ रडत असेल, पोट फुगत असेल किंवा शीत रक्त दिसलं तर डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने महिन्यात तीन डबे बदलू नका.

७. आईच्या दुधात कोलेस्टेरॉल असतं म्हणतात. मग डबा चांगला नाही का?

आईच्या दुधात १०० मिलीमागे साधारण १० ते २० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. वनस्पती तेलांच्या पावडरीत ते अगदी नगण्य. या वयात कोलेस्टेरॉल म्हणजे पेशींची आवरणं, मेंदू, पित्त आणि संप्रेरकं यांचा कच्चा माल आहे. आजोबांच्या रिपोर्टातल्या कोलेस्टेरॉलची भीती बाळाला लावू नका.

८. 'डीएचए असलेलाच डबा घ्या, मेंदू तल्लख होतो' असं सांगतात. खरं आहे का?

डीएचए मेंदूच्या आणि डोळ्यांतल्या पडद्याच्या घडणीत लागतो, हे खरं. जगभरातल्या आयांच्या दुधात तो सरासरी स्निग्धाम्लांच्या ०.३ टक्क्यांच्या आसपास आढळतो, आणि आईच्या आहाराप्रमाणे खूप कमी-जास्त होतो. त्याच्या जोडीला एआरए साधारण ०.५ टक्के असतो. युरोपात २०२० पासून बाळांच्या पावडरीत डीएचए सक्तीचा आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकात तो ऐच्छिक आहे, पण घातला तर एआरए निदान तेवढाच असावा अशी अट आहे.

मात्र पूर्ण दिवसांच्या बाळांना डीएचए घातलेली पावडर दिल्याने पुढे बुद्धी वाढते, असं चाचण्यांतून एकसारखं सिद्ध झालेलं नाही. डबा द्यायचाच आहे आणि परवडतो आहे, तर डीएचए आणि एआरए दोन्ही असलेला घ्या. त्यासाठी कर्ज काढू नका. आणि त्या एका शब्दासाठी अंगावरचं दूध तर मुळीच तोडू नका.

९. आम्ही शाकाहारी आहोत. माझ्या दुधात डीएचए कमी असेल का? जवसाची चटणी खाल्ली तर वाढेल?

कमी असू शकतो. जवसाची चटणी जरूर खा, ती आपल्याकडची फार चांगली सवय आहे. जवसातलं अल्फा लिनोलेनिक आम्ल आईच्या दुधात उतरतं आणि तेही बाळाला आवश्यक असतं. पण आईच्या शरीरात त्याचं डीएचएत रूपांतर फार थोडं होतं, त्यामुळे जवसाने दुधातला डीएचए फारसा वाढत नाही.

स्तनदा आईला रोज २०० मिलिग्रॅम डीएचए मिळावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. अंडं चालत असेल तर थोडा तिथून मिळतो. शाकाहारी घरात शैवालाच्या तेलाची गोळी हा सरळ मार्ग आहे, डॉक्टरांना विचारून घ्या. मासे खाणाऱ्या घरांनी बाळंतिणीचे मासे बंद करू नयेत. नवापूरकडे उकाईच्या फुगवट्यातले मासे सहज मिळतात. नदीच्या माशांत डीएचए समुद्राच्या माशांपेक्षा कमी असला तरी असतो, आणि मासा चांगला शिजवलेला असला की झालं.

१०. डिंकाचे लाडू आणि तूप खाल्लं की दूध घट्ट होतं, असं सासूबाई म्हणतात. घरात तेल कोणतं वापरावं?

तूप वाढवल्याने दुधातली एकूण फॅट फारशी वाढत नाही. आईच्या जेवणाने बदलतो तो फॅटचा प्रकार. तिने खाल्लेली आणि तिच्या अंगात साठलेली चरबी दुधात उतरते. थोडा भाग, विशेषतः लॉरिक आणि कॅप्रिकसारखी आखूड स्निग्धाम्लं, स्तनातच तयार होतो. लाडू खा, पण भूक आणि ताकद यांच्यासाठी. सासूबाईंनी मायेने केलेले असतात, आणि पाजणाऱ्या आईला रोज साधारण पाचशे किलोकॅलरी जास्त लागतातच.

तेलाबद्दल थोडं सविस्तर. खान्देशात पूर्वीपासून शेंगदाण्याचं आणि सरकीचं तेल, आता सोयाबीन आणि सूर्यफूल. सरकी, सूर्यफूल, करडई यांत लिनोलेइक आम्ल भरपूर, पण ओमेगा-३ जवळजवळ नाही. शेंगदाण्यातही ओमेगा-३ नाही. सोयाबीनमध्ये सात टक्क्यांच्या आसपास असतं, मोहरीतही असतं. वर्षभर एकाच तेलाचा डबा ठेवण्यापेक्षा आलटूनपालटून वापरा आणि जोडीला जवस, अक्रोड, हिरव्या भाज्या असू द्या.

टाळायची ती डालडा आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट आईच्या दुधात उतरते आणि बाळाच्या चांगल्या स्निग्धाम्लांच्या कामात आडवी येते. देशात तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून दोन टक्के आहे, तरी गाडीवरच्या कढईत दिवसभर उकळलेल्या तेलाचं काय, हा प्रश्न उरतोच. भजी घरी, ताज्या तेलात करा.

११. धडगावकडच्या आशाताईंचा प्रश्न: आईच अशक्त असेल तर तिच्या दुधातली फॅट कमी होते का?

साधारण कुपोषणात फारशी नाही. शरीर आधी बाळाचं बघतं आणि किंमत आईच्या अंगावरून वसूल होते. तिचीच चरबी, तिचाच साठा संपत जातो. फारच तीव्र कुपोषणात मात्र दूध आणि त्यातली फॅट दोन्ही कमी होऊ शकतात. अशा वेळी बाळाला डबा देण्यापेक्षा आईला जेवू घालणं हा पहिला उपाय. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम, पूर्ण जेवण मिळतं. ते जेवण ती स्वतः खाते की घरी नेऊन मुलांत वाटते, हे पाहा, आणि घरच्यांशी बोला. तिच्या ताटातलं बाळापर्यंत पोचतं, हे सांगितलं की बहुतेक घरं ऐकतात.

१२. पहिल्या दोन दिवसांचा पिवळा चीक काढून टाकतात. त्यात फॅट असते का?

कमी असते, साधारण दोन टक्के. पण चिकात प्रथिनं, संरक्षक द्रव्यं आणि अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि नवजात पोटाला तेवढीच फॅट पेलवते. चीक टाकू नका. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर घ्या. मध, गुळाचं पाणी, घुटी यांतलं काहीही देऊ नका.

१३. डब्यावर फॅटचा आकडा वाचायचा कसा?

दर १०० ग्रॅम पावडरीचे आकडे पाहून गोंधळ होतो. सोपं गणित असं: फॅटच्या ग्रॅमला किलोकॅलरीने भागा आणि शंभरने गुणा. समजा १०० ग्रॅम पावडरीत ५०० किलोकॅलरी आणि २५ ग्रॅम फॅट आहे, तर दर १०० किलोकॅलरीमागे ५ ग्रॅम झाली. कोडेक्स मानकात ही मर्यादा ४.४ ते ६ ग्रॅम आहे. लिनोलेइक आम्ल त्याच १०० किलोकॅलरीमागे किमान ३०० मिलिग्रॅम, अल्फा लिनोलेनिक किमान ५० मिलिग्रॅम, आणि दोघांचं प्रमाण ५:१ ते १५:१ च्या दरम्यान असावं लागतं. वनस्पती तुपासारखी हायड्रोजनेटेड तेलं वापरायला बंदी आहे. या मर्यादांत बसणाऱ्या दोन डब्यांत साधा आणि महाग यांतला फरक बहुधा डीएचए, ओपीओ यांसारख्या जोडण्यांचा असतो (प्रश्न ५ आणि ८).

१४. डबा महिनाभर पुरावा म्हणून पावडर जरा कमी घालते. आणि वजनासाठी बाटलीत थेंबभर तूप घातलं तर?

दोन्ही करू नका. पातळ कालवलं की फॅट आणि ऊर्जा त्याच प्रमाणात घटते. चार मापांच्या जागी तीन घातली तर बाळाचा पाव आहार गेला. घट्ट कालवलं तर शी कडक होते आणि शरीरात पाणी कमी पडतं. डब्यातलंच माप, सपाट करून, लिहिलेल्या पाण्यात. आधी पाणी, मग पावडर. तुपाने सगळं प्रमाण बिघडतं आणि चिकट थेंब भांड्याला लागून जंतू वाढतात. तुपाची वेळ सहा महिन्यांनंतर येते (प्रश्न १६).

पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून, ७० अंशांच्या खाली न जाऊ देता त्यात कालवा आणि मग कोमट करून द्या. बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरा. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात कालवलेलं दूध ठेवून देऊच नका. उरलेलं टाका. उघडलेला डबा चुलीपासून, गॅसपासून दूर ठेवा. असंतृप्त तेलं उष्णतेने आणि हवेने खवट होतात. पावडरीला जुन्या तेलासारखा वास आला तर मुदत उरली असली तरी ती वापरू नका.

१५. मी शाळेत शिकवते. काढून ठेवलेल्या दुधावर पिवळा थर येतो, कधी साबणासारखा वास येतो. खराब झालं का?

थर म्हणजे वर आलेली फॅट. आईच्या दुधावर यंत्राची प्रक्रिया झालेली नसते, म्हणून ती वर येते. हलक्या हाताने भांडं गोल फिरवा, मिसळेल. साबणासारखा वास प्रश्न ५ मधल्या लायपेजमुळे येतो. साठवणीत ते फॅट तोडत राहतं. अशा दुधाने अपाय होत नाही, काही बाळं मात्र पीत नाहीत. आंबट, नासका वास आला तर टाका.

पंचवीस अंशांपर्यंत दूध चार तास टिकतं, पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे तसं तापमान घरात नसतंच. काढल्या काढल्या फ्रीजमध्ये ठेवा, तिथे चार दिवस चालतं. वीज बराच वेळ जात असेल तर दिवसापुरतंच काढा. गरम करताना भांडं कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको.

१६. सहा महिने झाले. आता दुधातली फॅट पुरत नाही का?

दुधातली फॅट तेवढीच असते, पण बाळाची गरज वाढते. अंगावर पाजणं दोन वर्षं किंवा पुढेही चालू ठेवा. वरचं अन्न नुसतं डाळीचं पाणी, भाताची पेज असं पातळ असेल तर पोट भरतं पण ऊर्जा मिळत नाही. मऊ मुगाची खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, नाचणीची खीर यांत चमचाभर तूप किंवा तेल घाला. केळी आपल्याकडे मुबलक आहेत, ती द्याच, पण केळ्यात फॅट जवळजवळ नसते हे लक्षात ठेवा. शेंगदाण्याचा बारीक कूट चालतो, अख्खे दाणे नकोत.

१७. दवाखान्यात एका माणसाने डब्याचा फुकट नमुना दिला. घ्यावा का?

घेऊ नका. १९९२ चा शिशुदुग्ध पर्यायांबाबतचा कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दूध-पर्यायांची जाहिरात, फुकट नमुने आणि सवलती यांना बंदी करतो. डब्यावर बाळाचं चित्रही छापता येत नाही. डबा हवा की नको, हे डॉक्टरांनी बाळ तपासून सांगावं.

१८. बाळ बत्तिसाव्या आठवड्यात झालं, नळीने दूध देतात. त्याला आईच्या दुधातली फॅट पुरेल का?

आईचं दूध अशा बाळासाठी औषधासारखं मोलाचं आहे, ते काढत राहा. पण काही बारकावे आहेत. फॅट नळीला आणि सिरिंजला चिकटते, म्हणून दूध फार वेळ सावकाश सोडलं तर बाळापर्यंत कमी फॅट पोचते. दूध भरताना शेवटचं घट्ट दूध मागे राहू देऊ नका, आणि सिरिंजचं तोंड वर ठेवता येईल का, हे परिचारिकेला विचारा. फार कमी वजनाच्या बाळांना आईच्या दुधात प्रथिनं आणि क्षारांची पूरक पावडर मिसळतात, तो निर्णय बालरोगतज्ज्ञांचा.

आईचं दूध अजून उतरलं नसेल तर काही ठिकाणी दूधपेढीचं दूध मिळतं. आपल्या देशातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली. पेढीत दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात. त्याने जंतू मरतात, पण लायपेजही मरतं, त्यामुळे त्या दुधातली फॅट जरा कमी शोषली जाते. तरीही अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्यांसाठी ते पावडरीपेक्षा सुरक्षित आहे.

१९. असं एखादं बाळ असतं का, ज्याला आईच्या दुधातली फॅटच चालत नाही?

असतं, पण अगदी क्वचित. काही बाळांच्या शरीरात लांब साखळीची स्निग्धाम्लं जाळून ऊर्जा करणारं विकर जन्मतः नसतं. उपाशी राहिलं की त्यांची साखर घसरते, बाळ सुस्त पडतं. काहींच्या छातीत लसिकेचा स्निग्ध द्रव साठतो. अशा बाळांना मध्यम साखळीच्या फॅटची, म्हणजे एमसीटी असलेली खास पावडर लागते, कारण ती वेगळ्या वाटेने पचते. ही पावडर रक्ताच्या तपासण्यांनंतर, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

शीमध्ये रक्त किंवा अंगावर पुरळ येत असेल तर कारण बहुधा गाईच्या दुधातलं प्रथिन असतं. तिथे फॅटचा दोष नसतो. अंगावर पिणाऱ्या बाळात डॉक्टर आधी आईचे दुधाचे पदार्थ काही आठवडे बंद करून पाहतात, पाजणं चालूच राहतं. एखाद्या बाळाला झोपेतून उठवणं जड जात असेल, ते सारखं उलटी करत असेल किंवा त्याच्या आधीच्या भावंडाचा लहानपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर फोनवर विचारत बसू नका. ते बाळ त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या आणि भावंडाची माहिती पहिल्याच डॉक्टरांना सांगा.